मदत हवी आहे: कादंबरी चार महिने बाजूला ठेवण्याआधी काय करून ठेवावं?

डिसेंबर ते मार्च लिखाण पूर्ण थांबवते आहे. मुलीची दहावी, त्यातच जानेवारीत सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पहाटे पाचला उठून पाहिलं. आठवड्यात दोन परिच्छेद झाले, चिडचिड मात्र रोज. लोकलमध्ये फोनला तोंडी सांगूनही पाहिलं, पण माझा निवेदक मालवणीत बोलतो आणि फोन त्याचं भलतंच काहीतरी करतो. त्यामुळे 'रोज दहा मिनिटं तरी लिही' हा सल्ला कृपया नको.

खरी अडचण परतण्याची आहे. 2022 मध्ये असाच पाच महिन्यांचा खंड पडला होता. कथानकाची टिपणं, पात्रांची नाती, सगळं वहीत होतं, तरी निवेदकाचा सूर काही केल्या सापडेना. शेवटी तीन प्रकरणं नव्याने लिहिली. आता 11 प्रकरणं, साधारण 38 हजार शब्द झालेत. प्रकाशक ठरलेला नाही, म्हणजे मुदतीचं ओझं नाही.

बोलीभाषेतलं लेखन मोठ्या खंडानंतर ज्यांनी पुन्हा हाती घेतलंय, त्यांनी सूर टिकवायला आधी नेमकं काय करून ठेवलं? काही पानं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवल्याचा उपयोग होतो का? आणि बारावं प्रकरण संपवून थांबू, की भर प्रसंगात अर्धवट सोडू?