डोळा फुटल्यावर डॉक्टरांनी स्कोअर सांगावा की नाही?

छिन्नीवाला: काल इथे सुतळीबॉम्ब यांनी लिहिलं की डोळा फुटल्यावर पुढे किती दिसेल याच्या अंदाजासाठी काढतात तो स्कोअर म्हणजे परदेशी आकडे, घरच्यांचं अवसान घालवायला. वाचून झोप लागली नाही. 2016 साली छिन्नीवर हातोडा मारताना कपची उडून माझ्या उजव्या डोळ्यात घुसली. समोर हात हलतोय एवढंच कळत होतं, आणि टॉर्च डावीकडून उजव्या डोळ्यावर आणला की बाहुली आकसायच्या ऐवजी मोठी व्हायची. डॉक्टरीणबाईंनी कागदावर मांडून दाखवलं, एवढ्या नजरेचे शंभरातले 70, बाहुलीपायी 10 वजा, उरले 60. डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) तेव्हाच सुटलेला असता तर अजून 11 गेले असते, डोळ्याचा गोळा कपचीऐवजी बोथट दणक्याने फुटला असता तर 23. साठवाल्यांत शंभरातल्या साधारण 15 जणांना पुढे 6/12 (चांगल्या डोळ्याला 12 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून) किंवा बरं दिसतं. अमेरिका आणि हंगेरीतल्या नोंदींवरून 2002 ला काढलेली पद्धत आहे, हो परदेशीच. पण त्या कागदामुळे मी काय धरून चालायचं ते मला कळलं.

सुतळीबॉम्ब: तुम्हाला 60 मिळाले हो. माझ्या धाकट्या भावाचा डोळा दिवाळीत फुटला, पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी स्कोअरच्या गटात गेला. रात्री दोन वाजता व्हरांड्यात उभं करून सांगितलं, यातल्या शंभरात सत्तरच्या वर लोकांना उजेडसुद्धा कळत नाही. टाके घालून घरी आणला तो परत गेलाच नाही. म्हणाला, जाऊन काय करू. हा आकड्याचा प्रताप नाही तर काय?

लेथमास्तर: स्कोअर राहू दे, छिन्नी मारताना गॉगल कुठे होता ते सांगा आधी! तीस वर्षं वर्कशॉप बघतोय, गॉगल खिळ्याला टांगलेला असतो.

छिन्नीवाला: मास्तर, एकच गॉगल सहा जणांत होता, काच ओरखड्यांनी पांढरी झालेली, घामाने वाफ धरते, आणि नगावर पैसे मिळतात तेव्हा न दिसणाऱ्या काचेतून कोण काम करणार? मालकाने महिन्याला एक चांगला गॉगल दिला असता तर मी इथे लिहीत नसतो.

लेथमास्तर: मी स्वतःच्या खिशातून दिलेत पोरांना. दुसऱ्या दिवशी कपाळावर चढवलेले.

सुतळीबॉम्ब: माझा भाऊ एकविसाव्या वर्षी डोळा घालवून बसलाय आणि तुम्ही गॉगलवर भांडताय. लाज वाटू द्या.

छिन्नीवाला: वाटली. भावाचंच बोलतो. मला टाके घातल्यावर बरं वाटत होतं आणि एकोणिसाव्या दिवशी नाकाच्या बाजूने काळी सावली चढायला लागली, आतला पडदा सुटत होता. बॉस्टनमध्ये फुटलेल्या 893 डोळ्यांचा हिशेब 2014 ला छापून आला, त्यात 255 चा पडदा सुटला, पहिल्या 24 तासांत त्यातले 27 टक्केच, आठवड्यात 47, महिन्यात 72. म्हणजे चौथाई लोकांचा महिना उलटल्यावर! आत रक्त साठलेलं असलं तर डॉक्टरला पडदा दिसतही नाही, सोनोग्राफीच करावी लागते. मला ठरवून बोलावलेलं होतं म्हणून सापडलं, पडदा धरून ठेवायला डोळ्यात तेल भरलं, पुढे काढलं, आज नजर 6/24 आहे. वाईट आकडा आला की जास्त फेऱ्या मारायच्या असतात, हे भावाला कुणी सांगितलं का?

सुतळीबॉम्ब: नाही सांगितलं. आणि मीही विचारलं नाही. परत न्यायला हवा होता, घ्या, मान्य. पण व्हरांड्यात आकडा फेकून निघून जाणं मला कधीच पटणार नाही.

छिन्नीवाला: ते मलाही पटत नाही. आमच्या बाई स्टूल ओढून बसल्या होत्या, मी तो फरक धरलाच नव्हता. भावाच्या चांगल्या डोळ्याची तपासणी झाली का? एक फुटला की क्वचित दुसराही सुजतो, वर्षांनीसुद्धा. उजेड खुपतोय किंवा धूसर दिसतंय म्हणाला तर त्याच दिवशी न्या.

सुतळीबॉम्ब: उजेड खुपतो म्हणत होता परवा. सोमवारी नेतो.

लेथमास्तर: सोमवार कशाला, उद्या न्या. गाडी मी काढतो.