गावाकडच्या चर्चसाठी सोशल मीडिया: सुरुवात कुठनं करू?

नगरकर_मंडळी: जय ख्रिस्त सगळ्यांना. आमचं चर्च नगर जिल्ह्यात, खेड्यात. उपासनेला साठेक माणसं, त्यात तरुण पोरं मोजून सहा, बाकीची सगळी पुण्या-चाकणला कंपनीत. आणि म्हाताऱ्या माणसांना गुडघ्यापायी येववत नाही. पाळकसाहेब म्हणाले आता तूच बघ काय ते. बजेट शून्य, माझा एक मोबाईल आहे. सुचवा काहीतरी.

पिंपरी_तरुणसंघ: सगळं एकदम काढू नका. आम्ही चार अकाउंट काढली आणि नाताळनंतर एकावरही काही पडलं नाही. आधी व्हॉट्सअ‍ॅप चॅनल काढा, ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली उपासनेची वेळ बदलल्याचा मेसेज गाडला जातो, चॅनलवर लिहिणार फक्त तुम्ही आणि एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांचीच, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. यूट्यूबला मोबाईलवरनं लाइव्ह करायचं तर ५० सबस्क्रायबर लागतात, पहिल्यांदा चालू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळं शनिवारी रात्रीवर ठेवू नका.

वसईची_पोर: म्हाताऱ्यांसाठी ऑडिओ! दोन-तीन मिनिटं, एक वचन आणि त्यावर पाळकांचं साधं बोलणं, आणि ते तुमच्या नगरी बोलीत. आमच्याकडं कादोडीत, म्हणजे आमच्या वसईकडच्या बोलीत, बोललेली क्लिप आजी स्वतःहून शेजारणीला ऐकवते.

पेटी_तबला: गाणी टाका. नगरातनंच १८४२ साली ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं, म्हणजे त्या काळात जे नवं साधन होतं ते आपल्याच लोकांनी उचललं होतं, मग आता कशाला मागं राहायचं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ ला वारले, त्यांच्या भजनांच्या शब्दांवर आता कॉपीराइट नाही. पण दुसऱ्याचं रेकॉर्डिंग लावू नका, कॉपीराइटचा क्लेम येतो. तुमचीच माणसं गाऊ देत, पुण्यातल्या पोरांना घरच्या माणसांचा आवाज ऐकायचा असतो हो.

साधी_बहीण: एक कळकळीची विनंती. प्रार्थनेसाठी म्हणून माझ्या आईच्या आजाराचं नाव ग्रुपवर टाकलं गेलं, आणि आम्ही सांगायच्या आत सगळ्या पाहुण्यांचे फोन सुरू झाले. आई आठवडाभर कुणाशी बोलली नाही. विचारल्याशिवाय कुणाचा आजार, कर्ज, घरातली भांडणं लिहू नका, नुसतं ‘एका बहिणीसाठी प्रार्थना करा’ पुरतं, देवाला नाव माहीत आहे. संडे स्कूलच्या लेकरांचे फोटोही आईबापाला विचारूनच.

नगरकर_मंडळी: ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, चर्चच्या पंचायतीत आधी हेच मांडतो. मग चॅनल आणि दर बुधवारी एक ऑडिओ, बाकी नंतर. रविवारी दाराशी उभा राहून आजी लोकांच्या फोनमध्ये मीच चॅनल जोडून देतो. पेटीवाले काका तयार आहेत, फक्त मोबाईल कुठं ठेवू, पेटीजवळ?

पेटी_तबला: नाही नाही, गाणाऱ्यांजवळ. पेटीपाशी ठेवला तर शब्दच ऐकू येत नाहीत. आणि पंखा बंद करा.