जुन्या गाडीच्या टाकीचे अडलेले झाकण: आपापले अनुभव लिहा

वैशाखातला फुफाटा, पावसाळ्यातली काळी चिकण माती आणि कापसाच्या हंगामात उडणारी रुई, या तिन्हींचा मारा आपल्याकडच्या गाड्यांवर होतो आणि वर्षानुवर्षे चाललेल्या मोटारसायकलच्या किंवा ट्रॅक्टरच्या टाकीचे झाकण एखाद्या दिवशी उघडेनासे होते. अशा वेळी लोक पक्कड आणि हातोडी घेतात. पण झाकण अडण्याची कारणे निरनिराळी असतात आणि कारण ओळखले तर जोर लावावाच लागत नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्यांनी असे झाकण स्वतः सोडवले असेल, त्यांनी नेमके काय बिघडले होते ते सविस्तर लिहावे. आलेली उत्तरे खाली आहेत; लिहिणाऱ्याचे ठिकाण शेवटी कंसात दिले आहे.

माझ्या मोटारसायकलचे लॉकच अडले होते. चाबी आत जाई, पण अर्ध्यावरच थांबे. लॉकमध्ये खोबरेल तेल सोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे; त्याने चार दिवस बरे वाटते, मग त्याच तेलावर धूळ बसून आत काळा राप तयार होतो. मी पंक्चरच्या दुकानात हवेच्या नळीने लॉक फुंकून घेतले, शिसपेन्सिलीचे शिसे ब्लेडने किसून त्याची भुकटी चाबीच्या खाचांना चोळली आणि चाबी न फिरवता नुसती आत-बाहेर केली. हळूहळू आतल्या पत्त्या मोकळ्या झाल्या. कोरड्या भुकटीला धूळ चिकटत नाही, म्हणून हा उपाय टिकतो. (दारव्हा तालुका)

आमच्याकडे चाबी पूर्ण फिरे, तरी झाकण उचलत नसे, आणि तेही फक्त दुपारी. उन्हात तापलेल्या टाकीत पेट्रोलची वाफ दाटते आणि झाकणाला खालून रेटते, त्यामुळे खिटी अडकून बसते. गाडी सावलीत लावून, तळव्याने झाकण खाली दाबून धरत चाबी फिरवली की ते सुटते. (वरोरा तालुका)

माझ्या गाडीत दोष झाकणाखालच्या रबरी वायसरचा निघाला. ते फुगून काठाबाहेर आले होते आणि टाकीच्या तोंडाला घट्ट बसत होते. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्या हिशेबाने बनवलेले नसते. वायसर काढून वाऱ्यावर ठेवले तर ते आकसते, पण पुन्हा पेट्रोल लागताच फुगते. शिवाय असे रबर पुढे कडक होऊन तडकते आणि पावसाचे पाणी टाकीत उतरते. म्हणून ते तासत बसू नये, नवे टाकावे. (हिंगणघाट)

ट्रॅक्टरचा अनुभव वेगळा आहे. वखरणी चालू असताना इंजिन दम सोडून बंद पडे. डिझेलची फिल्टर बदलली, नळी साफ केली, तरी तेच. शेवटी धुऱ्यावर उभे राहून टाकीचे झाकण ओढले, तर ते जागचे हलेना. जोराने फिरवताच फुस्स आवाज करत हवा आत शिरली आणि इंजिन लगेच सुरू झाले. डिझेल कमी होते तशी टाकीत बाहेरची हवा यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असते आणि ते मातीने बुजले होते. तारेने ते मोकळे केले. पाणी जाऊ नये म्हणून झाकणाखाली पन्नी लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, कारण पन्नीनेही छिद्र बंदच होते. (मेहकर तालुका)

गॅरेज चालवतो म्हणून एवढे कळकळीने सांगतो, की झाकण सैल व्हावे म्हणून त्याला मेणबत्तीची किंवा गॅसची आंच कधीही देऊ नका. अर्धी रिकामी टाकी वाफेने भरलेली असते आणि भडका उडायला तेवढे पुरते. चाबी आत तुटली तर तुकडा बारीक चिमट्याने सरळ ओढा. झाकण उघडल्यावर लगेच बंद करू नका: खालचे स्क्रू काढून स्प्रिंग आणि खिटी ब्रशने साफ करा, मगच बसवा. (परतवाडा)