शब्दचर्चा: 'स्वेल'ला 'उधाण' म्हणायचं का?

कॉकपिटातला: लढाऊ विमानांच्या एका सिम्युलेटरचा मेन्यू हौसेनं मराठीत करतोय. हवामानाच्या पानावर 'वेव्ह' आणि 'स्वेल' असे दोन स्लायडर आहेत. पहिल्याला 'लाटा' लिहून मोकळा झालो. दुसऱ्याला 'उधाण' चालेल?

हर्णैकर: अजिबात नाही. उधाण भरतीचं, अमावास्या-पौर्णिमेला येतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. दोन्ही पंचांग बघून सांगता येतात. पेपरवाले जरा लाटा उसळल्या की 'समुद्राला उधाण' छापतात, ते सोडा. स्वेलचा तिथीशी संबंध नाही. लांब कुठेतरी, अगदी दक्षिण हिंदी महासागरातसुद्धा, वादळ होतं आणि तिथून निघालेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. वारा पडलेला, पाण्यावर सुरकुती नाही, तरी नांगरलेली होडी सावकाश वर जाते नि खाली येते. ती स्वेल.

नस्ती उठाठेव: मग 'खवळलेला समुद्र' लिहा की.

हर्णैकर: तो वाऱ्याचा. फेसाळ पाणी, तोकड्या लाटा, एकीवर एक चढलेल्या. नेमकं उलटं.

कॉकपिटातला: हे पटलं, कारण गेममध्येही घोळ इथेच होतो. संगणकावरचा समुद्र म्हणजे असंख्य लहानमोठ्या लाटांची बेरीज. कोणती लाट किती उंच, हे ठरवायला वापरतात त्या फिलिप्स स्पेक्ट्रम नावाच्या सूत्राला वाऱ्याचा वेग आणि दिशा पुरते. म्हणजे वारा शून्य केला की समुद्राचं तळं होतं! लांबून आलेली लाट वेगळी मिसळावी लागते, म्हणून दुसरा स्लायडर.

आणि विमानवाहू जहाजावर उतरताना खरा त्रास तिचाच. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायची तर दोन लाटांमधल्या सेकंदांचा वर्ग गुणिले 1.56. दर 13 सेकंदांनी येणारी लाट साधारण 264 मीटर लांब भरते, आणि आपली 'विक्रांत' आहे 262 मीटर. लाट जहाजाएवढी लांब झाली की पुढचं टोक वर, मागचं खाली, असा झोका सुरू होतो. 4-5 सेकंदांच्या लाटा 25 ते 40 मीटरच्या, एवढ्या मोठ्या जहाजाखाली त्या सहा ते दहा मावतात. ते ढिम्म हलत नाही. वैमानिकाला मात्र वरून फेस तेवढा दिसतो आणि तो त्यालाच घाबरतो.

नस्ती उठाठेव: जहाज डोलतं, तर 'डोल' कसा वाटतो? छोटा शब्द, स्लायडरखाली मावेल.

अलिबागकर: आमच्याकडे डोल म्हणजे जाळं. बोंबील-जवळा त्यातच येतो. 'डोल: 2 मीटर' वाचून कोळीवाड्यातलं पोर विचारेल, एवढ्याशा जाळ्यात काय गावणार?

हर्णैकर: शिवाय डोलणं हे जहाजाचं झालं, पाण्याचं नव्हे. सरळ 'लांब लाट' लिहा. आणि पहिल्या स्लायडरवर नुसतं 'लाटा' ठेवू नका, 'वाऱ्याच्या लाटा' करा, नाहीतर फरक कळायचा नाही.

कॉकपिटातला: 'लांब लाट' घेतो. खाली 'पिरियड'चा रकाना आहे, तिथे 'आवर्तनकाल' लिहू?

अलिबागकर: तो भौतिकशास्त्राच्या पेपरात. 'दोन लाटांमधले सेकंद' लिहा. आणि गेम कोकणातला असेल तर जून-जुलैत समुद्रात यांत्रिक मासेमारी होड्या दाखवू नका, तेव्हा बंदी असते.