मदत हवी: पेठकडे शुगरच्या गोळ्या आयुष्मान कार्डावर देणारा दवाखाना आहे का?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला अंबडच्या कंपनीत, आई पेठ तालुक्यात गावी एकटी. वय 62, शुगर आणि बीपी दोन्ही. गावातल्या कॅम्पात तिचं आयुष्मान कार्ड निघालं, तेव्हापासून ते पिशवीत घालूनच फिरते. परवा बाजाराच्या दिवशी एका खाजगी दवाखान्यात गेली, तर कार्ड बघून कंपाउंडर हसला म्हणे. तपासणी, सुई, गोळ्या मिळून 740 रुपये. "पाच लाखांचं कार्ड अन् साडेसातशेला चालंना?" असं तिनं फोनवर विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

दर महिन्याला नाशिकला आणणं अवघड आहे, सावळघाटात एसटीत तिला उलट्या होतात. कार्ड घेणारा जवळचा कुणी डॉक्टर माहीत आहे का? आणि हो, भातलावणीपासून पायाला चिखल्या झाल्यात. बाकीच्या सुकल्या, एक जखम भरत नाही. हळद लावते, दुखत नाही म्हणते.

प्रतिसाद 1
दादा, नुसत्या तपासणीला आणि गोळ्यांना ते कार्ड चालत नाही. भरती व्हावं लागतं, तेही योजनेतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारासाठी. पण तुम्हाला कार्ड हवंय कशाला? 15 ऑगस्ट 2023 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात केस पेपरसुद्धा फुकट आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या तिथं मिळतात. आशाताईंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं. सकाळीच पाठवा.

प्रतिसाद 2
गोळ्यांचं नंतर बघा, आधी पाय! माझे वडीलही दुखत नाही म्हणायचे. शुगरनं नसा बधिर होतात, म्हणून दुखत नाही. त्यांचा अंगठा गेला. उद्याच आरोग्य केंद्रात दाखवा. त्यांनी चिठ्ठी दिली तर सिव्हिलला न्या, भरती करायची वेळ आली तर आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात योजनेचं काम बघणारा माणूस) टेबलावर कार्ड आणि रेशनकार्ड दोन्ही ठेवा. काही अडलं तर योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 ला फोन लावा. आणि अनवाणी शेतात जाऊ देऊ नका (ऐकणार नाहीत, तरी सांगा).

धागाकर्ता
दोघांचेही आभार. काल सुट्टी टाकून गेलो. आरोग्य केंद्रात शुगर 286 निघाली. जखम साफ करून पट्टी केली, महिन्याच्या गोळ्या दिल्या, एक पैसा लागला नाही. शुक्रवारी पुन्हा पट्टीला बोलावलंय, तोवर सुधारलं नाही तर सिव्हिलची चिठ्ठी देणार आहेत. आईला अजून पटलेलं नाही, कार्ड न दाखवता औषध मिळालं म्हणजे ते खरं नसणार म्हणते.

आता नवीनच भानगड. रेशनकार्डावर तिच्या नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही. भरती करायची वेळ आली तर यावरून अडवतात का? कुणाला अनुभव असेल तर शुक्रवारच्या आत सांगा.