वकील, खासदार, मग फेडरल जज: अमेरिकेत हे जमतं कसं?

दारव्हा, यवतमाळ: एलएलबीच्या सेमिनारसाठी अमेरिकेचे खासदार आणि नंतर जज झालेले अ‍ॅबनर मिक्वा घेतलेत. खासदार परीक्षेशिवाय थेट जज कसा होतो, भाऊ?

पुसद: तिथं परीक्षा नाही, संविधानात वयाची किंवा वकिलीच्या वर्षांची अटही नाही. राष्ट्राध्यक्ष नाव देतात, सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची, न्यायसमिती तपासते, मग सिनेटचं साधं बहुमत लागतं. मिक्वा आधी इलिनॉयच्या विधिमंडळात, मग काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरनी त्यांना डी. सी. सर्किटवर, म्हणजे वॉशिंग्टनच्या फेडरल (केंद्रीय) अपील कोर्टावर, नेमलं. बंदूक-लॉबीनं विरोधात जोर लावला, तरी ५८ विरुद्ध ३१ नं मंजूर.

आर्णी: खरी गोम पगारात आहे. खासदाराच्या मुदतीत ज्या पदाचा पगार वाढला, त्यावर तेवढ्या मुदतीत त्याला नेमता येत नाही: अमेरिकी संविधान, कलम १, परिच्छेद ६. जजांचे पगार वाढले होते, म्हणून सिनेटर मॅक्ल्युअर मिक्वांच्या नेमणुकीविरुद्ध कोर्टात गेले. दावा लावायचा हक्कच नाही म्हणून १९८१ मध्ये फेटाळला. मूळ प्रश्न तसाच राहिला. सेमिनारात हाच भाग ताणून मांडा, परीक्षक इथंच विचारतील.

पुसद: आपल्याकडेही परीक्षा खालच्या कोर्टांनाच. हायकोर्टाला आपल्या संविधानाचं कलम २१७, दहा वर्षं वकिली. बहरुल इस्लाम १९७२ मध्ये राज्यसभा सोडून गुवाहाटी हायकोर्टात जज झाले. तुलनेला हेच घ्या.