शाळा टीसी घेऊन जा म्हणायली, घ्यावी का? (मदत हवी आहे)

औशाचा_बाप: लवकर सांगा, सोमवारी बोलावलंय. सर म्हणायलेत, टीसी घ्या आन् पोराला मतिमंद शाळेत टाका. घ्यावी का?

परभणीच्या_बाई: वय किती? कितवीत? झेडपी का खासगी? दिव्यांग प्रमाणपत्र आहे?

औशाचा_बाप: वय ९. बाकीचं कशाला? टीसीचं सांगा की.

उदगीरचा_काका: घेऊन टाका दादा. माझा पुतण्या साध्या शाळेत चार वर्षं नुसता मागच्या बाकावर बसला. विशेष शाळेत टाकल्यावर सहा महिन्यांत स्वतः बटणं लावायला लागला.

बीडची_आई: काका, सगळ्यांना एकच औषध नको. माझी मुलगी गावच्याच शाळेत आहे. वाचता येत नाही, पण वर्गातल्या पोरी तिला हाताला धरून घरी आणून सोडतात. विशेष शाळेच्या वसतिगृहात हे कुठून मिळणार?

उदगीरचा_काका: त्या पोरी लग्न होऊन गेल्यावर?

बीडची_आई: तोच घोर रोज रात्री असतो, काका. म्हणून आज तिला गावापासून तोडू का?

नांदेडकर: रेल्वेत मदतनिसासकट तिकिटाला सवलत मिळते. काढून ठेवा.

परभणीच्या_बाई: रेल्वेचं राहू द्या. भाऊ, टीसीवर सही करू नका. एकदा सही केली की कागदावर तुम्हीच पोराला काढलं असं होतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत शाळेला मूल काढता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलं तर १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे. जवळची शाळा का विशेष शाळा, ही निवड लेकराची, शाळेची नाही. आता प्रमाणपत्राचं सांगा.

औशाचा_बाप: झेडपीत चौथीला आहे. प्रमाणपत्र नाही. सिव्हिलची जुनी चिठ्ठी आहे, त्यावर आयक्यू ६५ लिहिलंय. म्हणजे ६५ टक्के ना?

परभणीच्या_बाई: नाही, तो बुद्ध्यांक. टक्के डॉक्टर वेगळे ठरवतात. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा आणि ती चिठ्ठी जपून ठेवा. पण सर एकदम टीसीवर का आले?

औशाचा_बाप: डबा खाल्ला की ओढ्याकडं पळतं. मागच्या महिन्यात दोन तास सापडलं नव्हतं.

द्विशिक्षकी_गुरुजी: हे आधी सांगायचं होतं! आमच्याकडं दोघं शिक्षक, चार वर्ग. मी फळ्याकडं वळलो आणि पोर ओढ्यात गेलं तर? त्या सरांचा जीव भीतीनं अर्धा झाला असेल.

परभणीच्या_बाई: गुरुजी, भीती खरी आहे. पण इलाज ओढ्यावर करायचा, पोराला काढायचं नाही. भाऊ, तालुक्याच्या गट साधन केंद्रात जा. तिथं समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवा. पळण्याची वेळ ठरलेली आहे, मग तेवढा वेळ कुणी बसू शकेल का?

औशाचा_बाप: त्याची आजी बसंल. शाळा घरामागंच हाय. टीसी घेत नाही मग. अर्ज कुणाच्या नावानं लिहू?

द्विशिक्षकी_गुरुजी: मुख्याध्यापकांच्या. आजी किती ते किती वाजेपर्यंत बसणार ते लिहा. पोच घ्या. सुट्टीची घंटा वाजवायचं काम पोराच्या हातात द्यायला सांगा, आमच्याकडं त्यानं फरक पडला.

उदगीरचा_काका: पुढं विशेष शाळेचा पत्ता हवा असला तर सांगा, दादा.